पल्याडची मतं

त्या गावाला आपल्या एकीचा भारी अभिमान होता. डिंगोऱ्याहून वर डोंगराकडं गेलं की ओढ्याच्या काठाला ते गाव. तिथं ग्रामपंचायतीची निवडणूक कधी झालीच नव्हती. पाच वर्षं सरली की चार जाणती माणसं भैरोबाच्या देवळात बसायची, चहा व्हायचा, नावं ठरायची आणि जितक्या जागा तितकेच अर्ज जायचे. बिनविरोध. मग ओतूरच्या बाजारात जाऊन वर्षभर त्याची फुशारकी. आता ही एकी नेमकी कुणाकुणाची, असं विचारायला जातंय कोण? ओढ्यापल्याडच्या वस्तीला त्या चहाला कुणी कधी बोलावलं नव्हतं.

सत्त्याण्णव साली गाव आणि वस्ती मिळून असलेल्या वॉर्डातली जागा बाईसाठी निघाली. देवळातल्या मंडळींनी त्यांच्यातल्याच बहिरूची बायको सोनीबाई हिचं नाव पक्कं केलं. बातमी पल्याडच्या झुंबरबाईच्या कानावर आली तेव्हा ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

"मग आमी मत कवा द्यायचं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"बिनविरोध हाय म्हटल्यावर मत कशाला लागतंय?" हौशीराम म्हणाला.

झुंबरबाईला हे काही पटेना. आमदाराला मत देऊन झालं, खासदाराला देऊन झालं, ती मतं कुठं गेली देव जाणे. पण ओढ्यावर पायी जायला साकव बांधणं ज्या पंचायतीच्या हातात, तिच्यासाठी बोटाला कधी शाई लागली नव्हती. पावसाळा आला की ओढा फुगायचा आणि वस्तीवरची पोरं घरात बसायची. तिची लेक आरती अशीच चौथीतून सुटली ती सुटलीच. आता लेकाची पोर अक्षदा येत्या जूनला पहिलीत जाणार होती. साकव झाला तर शाळा, नाहीतर आत्याचीच गत. झुंबरबाईच्या जिवाला हा एकच घोर होता. ती एस.टी.नं जुन्नरला गेली आणि अर्ज भरून आली.

गावात नुसता गहजब झाला. एकी मोडली, वस्तीवरची बाई शेफारली, काय काय बोलले लोक. शेवटी बहिरूनं तिला गाठलं.

"वैनी, अर्ज काढून घ्या. साकवाचं मी बघतो, शब्द देतो."

"शब्द मागल्या बारीलाबी दिला व्हता, भाऊ," झुंबरबाई म्हणाली. "शब्दावरनं ओढा वलांडता येत न्हाई."

"आपण पडणार," घरी हौशीराम कुरकुरला. "शेंबड्या पोरालाबी ठावं हाय."

"पडू की. शिक्का तर मारायला मिळंल."

तिनं अर्ज काही काढला नाही. आता पंचाईत झाली बहिरूची. बांधावरून भावकीशी तंटा, त्यामुळं गावातली मतं फुटणार हे दिसतच होतं. पल्याडच्या मतांवाचून गाडं पुढं सरकेना. पण ज्या वस्तीला जन्मात विचारलं नाही, तिथं जायचं कुठल्या तोंडानं? मग मोठ्या मनानं त्यानं बायकोला पाठवलं. असे पुरुष सगळ्या गावात असतात.

भाद्रपदातला ओढा तो. सोनीबाईला या गावात नांदायला येऊन वीस वर्षं झाली, पण तिनं पल्याड पाऊल ठेवलं नव्हतं. मधोमध तिचा पाय सरला, चप्पल वाहून गेली आणि बाई कमरेइतकी भिजून वस्तीवर आली. तशीच ओलेती दारोदार फिरली. शेवटचं घर झुंबरबाईचं. ओट्यावर बसलेल्या हौशीरामापुढंही तिनं हात जोडले. "भाऊ, तुमचं मत मला द्या," म्हणाली. झुंबरबाईनं तिला कोरडं लुगडं दिलं, चहा केला.

"ह्या पाण्यातनं पोरं साळंला जात्यात?" सोनीबाईनं विचारलं.

"जात न्हाईत. म्हून तर हुबी राहिले."

सोनीबाई चहा संपवून त्याच पाण्यातनं परत गेली.

मतदानाला अख्खी वस्ती एकमेकांचे हात धरून ओढा उतरली. म्हाताऱ्यांना तरण्यांनी पाठीवर घेतलं. आणि निकाल लागला तेव्हा झुंबरबाई बोटावर मोजण्याइतक्या मतांनी पडली.

गावानं पाडलं असतं तर तिला काही वाटलं नसतं. पण वस्तीचीच मतं फुटली होती, हे न कळण्याइतकी ती खुळी नव्हती. जेवताना तिनं नवऱ्याला सरळ विचारलं, "तुमी तरी मला दिलं का?"

हौशीरामानं मान खाली घालून भाकरीचा तुकडा मोडला. "सोनीबाईला दिलं."

झुंबरबाईनं ताट पुढं सारलं.

"ती पाण्यातनं आली, झुंबर. हात जोडून म्हणाली, तुमचं मत मला द्या. साठी आली माझी, पण माझं मत आजवर कुणी मागितलंच न्हवतं गं. तूबी न्हाई मागितलंस."

तिला लई राग आला. चार दिवस तिनं त्याचं ताट आदळूनच वाढलं. पण राग ओसरला तसं तिला कळून चुकलं की म्हातारा खरं बोलला होता. आपलीच माणसं म्हणून ती वस्तीवरच्या एकाही दारात गेली नव्हती. तिनं त्यांना गृहीतच धरलं होतं, देवळातल्या मंडळींसारखं. हे मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

पंचायतीच्या पहिल्या बैठकीत बहिरूनं बायकोला सही कुठं करायची ते दाखवलं. सोनीबाईनं पेन खाली ठेवलं.

"आदी साकवाचं लिहा," ती म्हणाली. "मी निवडून आले ती पल्याडच्या मतांवर. पाच वर्सांनी त्यांच्या दारात परत जायचंय मला."

मे महिन्यात साकव झाला. कठडा एकाच बाजूला, दुसऱ्या बाजूचे पाईप अजून यायचे होते. जूनमध्ये अक्षदाला शाळेत पोचवून झुंबरबाई परत निघाली, तर साकवावर सोनीबाई उभी. खाली ओढा दुथडी वाहत होता.

"आक्का, झाला ना साकव? आता पुढच्या बारीला माझ्यासमोर अर्ज भरू नगा."

"भरणार," झुंबरबाई म्हणाली. "एकच अर्ज असल्यावर आमच्या दारात कोण येतंय?"

सोनीबाईनं थोडा विचार केला. "मग मीबी भरणार," ती म्हणाली, आणि दोघी अंग चोरून, कठड्याच्या बाजूनं, एकमेकींना वाट देत पुढं गेल्या.