भट्टी उघडायचा दिवस

“भट्टी मी घेते,” काकू भर सभेत उठून म्हणाली.

साल एकोणीसशे ब्याऐंशी. कपबश्यांच्या कारखान्याचा मालक पळाला आणि कामगारच मालक झाले. त्याआधीचे चाळीस दिवस काळी-गोरी सगळी फाटकाबाहेर धरणं धरून एका सतरंजीवर बसली, एकमेकांच्या डब्यातलं जेवली. असे दिवस पुन्हा आले नाहीत.

काकू तलावापलीकडच्या काळ्या लोकांच्या वस्तीतली. बावीस वर्षं माती मळत होती. जुना भट्टीवाला मालकाबरोबरच निघून गेला. शेवटची सहा वर्षं त्याच्या हाताला भट्टीची ऊब कळत नसे. मग तो तिलाच मागच्या दारानं बोलवी. भट्टीच्या तोंडावर रचलेल्या विटांना हाताची पालथी बाजू लावून ती सांगे, “आज नको, उद्या उघडा.” घाई केली की गार वाऱ्यानं माल तडकतो.

“काकू, भट्टी बाईमाणसाला सोसत नाही हो,” कुणीतरी म्हणालं.

“आणि बावीस वर्षं चिखल सोसला तो?”

हशा पिकला. तेवढ्यात कपांवर फुलं रंगवणारी गोरी बाई शेजारणीला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “या काळ्यांना वर बसवलं की डोक्यावर मिरे वाटतात.”

अध्यक्षांनी चष्मा पुसला. “इथं कुणी लहान नाही, मोठं नाही. काकू भट्टीवर हवी त्यांनी हात वर करा.”

एकच हात वर गेला, काकूचा. गोऱ्या बायकांनी रंग पाहिला. तिच्या वस्तीतल्या पुरुषांनी बाई पाहिली. त्यांत तिचा नवराही होता.

घरी तो म्हणाला, “ती रंगावरून बोलली ना, तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या!”

“मग हात का नाही केलात वर?”

“अगं, पण भट्टीचं त्यांचं खरंच आहे. बाईनं कशाला?”

तिनं त्याचं ताट वाढलं.

भट्टी मिळाली खोकी भरणाऱ्या एका गड्याला. त्यानं पहिलीच भट्टी एक दिवस आधी उघडली. दोन हजार कप तडकले. समितीनं चौकशी करून फळ्यावर कारण लिहिलं : माती नीट मळलेली नव्हती.

“नाचता येईना, अंगण वाकडं,” काकू म्हणाली. ऐकायला मातीचा हौद तेवढा होता.

तो गडी चार वर्षांत शिकला, बरा भट्टीवाला झाला. रंगवाली बायकांच्या राखीव जागेवर समितीत गेली. नवरा काकूच्या आधी वारला, शेवटी शेवटी म्हणायचा, “तुला जमली असती गं भट्टी.” सभेत मात्र कधी म्हणाला नाही. काकू साठीपर्यंत मातीतच राहिली.

निरोपाच्या दिवशी तिला हौदावरूनच बोलावून आणलं. अध्यक्ष म्हणाले, “आपल्यात भेदभाव कधी शिरलाच नाही.” टाळ्या कडाडल्या. काकूनंही वाजवल्या. हात कोपरापर्यंत ओल्या मातीनं भरलेले. आवाज झाला नाही.