टोपी सोडून घेतलेले माप

मित्रांनो, मी एक जुना वाटाड्या आहे. पण हातात काठी घेऊन पुढे चालणारा नव्हे. मी तळहातापेक्षा थोडा मोठा, काळ्या चौकटीचा, काचेच्या पडद्याचा वाटाड्या आहे. मी कुठे आहे ते आकाशातले उपग्रह मला सांगतात आणि पुढे कुठे वळायचे ते मी तुम्हाला सांगतो. एका कॅम्परव्हॅनच्या, म्हणजे आत बिछाना, शेगडी आणि पाण्याची टाकी असलेल्या गाडीच्या, पुढच्या काचेला मी चिकटलेला असतो. माझ्या एका कोपऱ्यावर चरा पडला आहे, वायर केव्हाच बदलावी लागली आहे, आणि खरे सांगायचे तर माणसांपुढे मी हात टेकले आहेत. मला हात नाहीत, तरीही टेकले आहेत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. अनेक देशांचे रस्ते, घाट, पूल आणि बोगदे तिथे माझ्या पोटात भरले गेले. मग मला एका बाईंचा आवाज मिळाला. त्या बाई इतक्या शांत स्वभावाच्या की "पुढे डावीकडे वळा" हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलायला लावले तरी त्यांचा आवाज कधी चढला नाही. तेव्हापासून माझी पंचाईत होऊन बसली आहे. आतून माझा कितीही तिळपापड होवो, तोंडातून मात्र "शक्य असेल तेव्हा गाडी मागे वळवा" एवढेच बाहेर पडते, आणि तेही गोड आवाजात.

कारखान्यातून मी दुकानात आलो आणि काचेच्या कपाटात मधल्या फळीवर बसलो. माझ्या डावीकडे मोटारीसाठीचा सडपातळ, देखणा वाटाड्या होता आणि उजवीकडे ट्रकवाल्यांचा धिप्पाड. लोक येत, मला हातात घेत, पडद्यावर बोटांचे ठसे उमटवत, विक्रेत्याला बोलून बोलून दमवत आणि "विचार करून सांगतो" म्हणून निघून जात. विचार करायला गेलेला माणूस परत आलेला मी तरी पाहिला नाही. सगळ्यांची तक्रार एकच होती, की हा फार प्रश्न विचारतो. चालू केल्याबरोबर मी विचारतो, तुमच्या गाडीची उंची किती, रुंदी किती, लांबी किती, वजन किती, गॅसची टाकी आहे का. आता हे मी विचारायचे नाही तर कोणी? मोटार काय, कुठूनही निघून जाते. पण पाठीवर घर घेऊन निघालेल्या गाडीला प्रत्येक पुलाखालून जाता येत नाही, प्रत्येक गल्लीत शिरता येत नाही. एवढी साधी गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरत नसे.

एके दिवशी दुकानात तिघे जण आले. पुढे हातातला फोन नाचवत जावई, त्याच्यामागे सासरे आणि सर्वांत मागे कपाटांचा आधार घेत घेत सासूबाई. सासरे शिंपी होते. कापड बेततानाच उठून आल्यामुळे त्यांच्या गळ्यात टेप तसाच लटकत होता. तो पाहून विक्रेत्याने त्यांना मास्तर म्हटले आणि सासूबाईंना काकू. मीही तेच धरून चाललो.

त्यांचे काम काय होते, ते विक्रेत्याला जावयाने सांगितले. काकूंच्या थोरल्या बहिणीला, ताईंना, दूर परदेशात दिले होते. वाटेत दोन सीमा ओलांडाव्या लागत. ताईंची नजर कडांकडून मिटत चालली होती. खिडकीचे पडदे कोणीतरी दोन्ही बाजूंनी ओढत आणावेत तशी मध्ये फक्त एक फट उरली होती, आणि तीही फार दिवस राहणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले होते. फोनच्या पडद्यावर पाहायचे तर ताईंना उजेडाच्या ठिपक्यापलीकडे काही कळत नसे. फट आहे तोवर ये, मला तुझे तोंड पाहायचे आहे, असा त्यांनी धोशाच लावला होता. इकडे काकूंच्या पाठीचे दुखणे असे, की थोडा वेळ बसले की त्यांना आडवे व्हावेच लागे. विमानाची किंवा आगगाडीची खुर्ची त्यांना सोसणार नव्हती. म्हणून मास्तरांनी कोणाची तरी वापरलेली कॅम्परव्हॅन घेतली होती. काकू मागे पडून राहणार आणि मास्तर गाडी हाकणार, असा बेत होता. आता अडले होते फक्त वाटाड्यावाचून.

फोन असताना हे खूळ कशाला, असे जावयाचे मत होते. विक्रेत्याने त्याला समजावले, की डोंगरात फोनला रेंज मिळेलच असे नाही आणि फोनच्या लेखी तुमची गाडी म्हणजे साधी मोटारच. मग जावयाने माझ्या शेजारचा सडपातळ उचलला. तो चालू होताच काहीही न विचारता रस्ता दाखवू लागला. जावई खूश झाला. त्यानंतर मला चालू केले. मी नेहमीप्रमाणे उंची विचारली, रुंदी विचारली, आणि जावयाच्या कपाळाला आठ्या पडल्या. विक्रेत्याने दिलेल्या स्टुलावर काकू बसल्या होत्या. त्यांनी मला मागून घेतले आणि माझे सगळे प्रश्न सावकाश वाचले.

"हाच घ्या," त्या म्हणाल्या. "आपण कोण आहोत ते विचारतोय तरी. बाकीच्यांनी तेवढंही विचारलं नाही."

माझ्या प्रश्नांचे त्या दिवशी पहिल्यांदा कौतुक झाले. मी अगदी हरखून गेलो. घरी गेल्यावर आपले काय होणार आहे, याची मला कल्पना असती तर इतका हरखलो नसतो.

घरी गेल्यावर मास्तर गाडीचे माप घ्यायला निघाले. मला पुढच्या काचेला लावले होते, त्यामुळे सगळे बोलणे मला ऐकू येत होते. जावई माझ्यासोबतची पुस्तिका वाचून दाखवत होता. गाडी सर्वांत उंच भागापर्यंत मोजावी, रुंदी आरसे उघडे ठेवून घ्यावी, असे तिच्यात स्पष्ट लिहिले होते. मास्तरांनी त्याला मध्येच थांबवले. सगळा जन्म माणसांची मापे घेण्यात गेला, आता हे कागद मला शिकवणार का, असे म्हणून त्यांनी गिऱ्हाइकाचे घ्यावे तसे गाडीचे माप घ्यायला सुरुवात केली. माप देताना गिऱ्हाईक हात खाली सोडून उभे राहते, म्हणून त्यांनी दोन्ही आरसे मिटून गाडीच्या अंगाला चिकटवले आणि मगच रुंदी घेतली. नंतर स्टुलावर चढून त्यांनी टेप टपापर्यंत नेला. टपावर आधीच्या मालकाने हवा खेळती राहावी म्हणून एक पंखा बसवून घेतला होता आणि त्यावर पांढरे फुगीर झाकण होते. जावयाने ते दाखवले. मास्तर म्हणाले, ती टोपी आहे, टोपी मापात धरत नाहीत.

टेपचे खालचे टोक काकूंनी धरले होते. त्या म्हणाल्या, "अहो, पण पुलाखालून जाताना गाडी टोपी काढून हातात घेणार आहे का?"

मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. आपल्या मापात आजवर सुताइतकाही फरक पडला नाही, असे पुटपुटत त्यांनी ते आकडे माझ्या पोटात भरले. आणि मित्रांनो, मी ते खरे मानले. दुसरे काय करणार? मी स्टुलावर चढून पाहायला जात नाही.

प्रवास सुरू झाला आणि मास्तरांनी माझ्या नाकी नऊ आणले. मी "उजवीकडे वळा" म्हणावे, तर हे गाडी थांबवून पेट्रोल पंपावरच्या माणसाला रस्ता विचारत. कुत्रा फिरवणाऱ्या बाईंना विचारत. त्या लोकांची भाषा यांना येत नसे आणि यांची त्यांना कळत नसे. दोन्ही बाजूंनी भरपूर हातवारे होत, हसणे होई, आभार मानले जात, आणि मास्तर नेमके उलट्या दिशेला निघत. मी बिचारा नवा रस्ता शोधायला बसायचो. माझे नाव त्यांनी 'ती बाई' ठेवले होते. ती बाई लांबून नेते, तिला काही कळत नाही, असे त्यांचे चालू असे. मागच्या बिछान्यावरून काकू म्हणत, तिचे जरा ऐका. पण ऐकतो कोण?

पहिली सीमा ओलांडल्यावर एका जुन्या गावात मी गाडी एका बोळात घातली. दिलेल्या मापानुसार गाडी तिथून सहज जायला हवी होती. पण मास्तरांनी माप घेतले होते आरसे मिटून आणि चालवत होते आरसे उघडून, त्यामुळे डावा आरसा भिंतीला घासत गेला आणि तडकला. मास्तरांनी तो जाड दोऱ्याने इतका नेटका बांधला की टाका दिसू नये. पण चूक काही कबूल केली नाही. त्यांचे म्हणणे असे, की बोळच अंगाला घट्ट आहे. काकूंनी पुन्हा माप घ्यायला सांगितले. हो हो म्हणत मास्तरांनी गाडी सुरू केली. इथे मला रागाने नुसते फुटावेसे वाटत होते, आणि मी म्हणालो काय, तर "तुमचा प्रवास सुखाचा होवो."

त्यानंतर डोंगराळ भाग लागला. रस्त्याच्या एका वळणावर रेल्वेचा जुना दगडी पूल होता आणि त्याच्याखालून रस्ता जात होता. पुलावर उंचीची पाटी होती. त्या वेळी काकू थोडा वेळ पुढे येऊन बसल्या होत्या. त्यांनी पाटी वाचली आणि मास्तरांना थांबायला सांगितले. उतरून पाहू, वरचा पंखा लागेल, असे त्या म्हणाल्या. मागे गाड्या खोळंबल्या होत्या, हॉर्न वाजत होते, आणि मास्तरांचा पारा चढला होता.

"चार बोटं ढिलाई आहे," मास्तर म्हणाले. "माझं माप आहे ते."

आणि त्यांनी गाडी घातली. वरून आधी कडकन आणि मग कापड फाटावे तसा लांबलचक आवाज आला. टपाचा पत्रा शिवण उसवल्यासारखा उसवला, पंखा मागे रस्त्यावर जाऊन पडला आणि गाडी पुलाखाली घट्ट अडकली. त्या धक्क्याने काकूंच्या पाठीतून अशी कळ गेली की त्यांना श्वास घेता येईना. आणि अशा वेळी माझ्या तोंडून काय निघावे? "सरळ पुढे जा." मला स्वतःच्या आवाजाचा इतका संताप कधी आला नव्हता.

टायरांतली हवा सोडून गाडी मागे ओढून काढावी लागली. गॅरेजवाल्याने टपाकडे पाहिले, मग माझ्यातले आकडे पाहिले आणि खुणेने एवढेच विचारले, की हे माप कोणी घेतले. पत्रा लांबून मागवावा लागणार होता. वर पाऊस, टपाला भोक, आणि डॉक्टरांनी काकूंना हलायचेही नाही असे बजावलेले. गॅरेजच्याच मागच्या खोलीत त्या पडून राहिल्या, आणि मी भिजू नये म्हणून मलाही काढून त्यांच्या उशाशी ठेवले होते. मास्तर त्यांना निजल्या जागी भरवत, पाणी पाजत.

ताईंचा रोज फोन येई. आज खिडकीची चौकट दिसली, आज फक्त चमचा चकाकलेला दिसला, असे त्या सांगत. कुठवर आलीस, हा प्रश्न तर ठरलेलाच. मग एक दिवस त्यांनी नजरेचा विषयच काढला नाही. नुसते पाठ कशी आहे ते विचारत राहिल्या. फोन ठेवल्यावर काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या. ती फटही मिटली, हे मास्तरांना कळले.

गाडी दुरुस्त झाली. टपावर नवा पंखा आला. त्या दिवशी मास्तरांनी गॅरेजवाल्याकडून शिडी मागून घेतली. आरसे पूर्ण उघडले, टेप पंख्याच्या झाकणाच्या अगदी वरच्या टोकाला लावला, आणि गाडीत निजवलेल्या काकूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने आकडा सांगितला. मग तो माझ्यात भरला. मी नव्या मापाचा रस्ता काढला. तो बराच लांबचा होता. मास्तरांनी वाटेत एकदाही कोणाला काही विचारले नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा काकूंना लगेच उठवेना, म्हणून ताईच गाडीत आल्या. दाराची कड चाचपत चढल्या आणि बिछान्यावर बसल्या. त्यांची नजर काकूंच्या कानाच्या पलीकडे कुठेतरी लागली होती. दोघी बहिणी कितीतरी वेळ एकमेकींचा हात धरून रडल्या. मग ताईंनी काकूंच्या चेहऱ्यावर हात ठेवला आणि आता कशी दिसतेस, ते विचारले.

मास्तर घाईने म्हणाले, "अगदी तशीच आहे. काही फरक नाही."

"तुम्ही थांबा, मास्तर," ताई म्हणाल्या. "तिला सांगू दे."

काकूंनी सांगितले. केस सगळे पिकले आहेत आणि भांगाजवळ विरळ झाले आहेत. डावीकडची दाढ गेली, त्यामुळे तो गाल आत बसला आहे. हनुवटीखालचे कातडे सैल झाले आहे, आणि आत्ता रडल्यामुळे नाक फुगले आहे, ते वेगळेच. काकू सांगत गेल्या तसा ताईंचा हात केसांवर, गालावर, हनुवटीवर फिरत गेला. नाकापाशी येऊन तो थांबला आणि ताई हसल्या.

"आता दिसलीस," त्या म्हणाल्या.

मास्तर मान खाली घालून गाडीतून उतरले. मला त्यांचा राग होता, तो मी नाकारत नाही. पण त्या वेळी त्यांच्याकडे पाहून मला रागवणे जमले नाही.

मित्रांनो, मला पुढच्या काचेला लावतात म्हणून मला रस्ता दिसतो, असा तुमचा समज असेल. तसे नाही. माझी पाठ कायम रस्त्याकडे असते आणि तोंड तुमच्याकडे. पूल, बोळ, वळण यांतले काहीच मला दिसत नाही. माझे नकाशे वेळेवर नवे करा, पडदा पुसा, वायर ओढू नका, हे सगळे तर मी सांगणारच आहे. पण त्याआधी, मी विचारीन त्याचे उत्तर खरे द्या, मग ते तुम्हाला आवडो न आवडो. ताईंना काय आणि मला काय, तुम्ही सांगाल तेवढेच आम्हाला दिसते.