शेजारच्या सीटचा ब्रेक

आमच्या पिकअपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी जी सीट आहे, तिच्यापुढच्या रबरी मॅटवर एक खळगा पडला आहे. मॅट कडेला आठ मिलिमीटर जाड भरते. खळग्यात पाच. सगळ्यात जास्त झीज उजव्या पायाच्या चवड्याखाली आहे, टाचेपाशी जवळजवळ नाहीच. गाडीत त्या जागी ब्रेक नसतो, क्लच नसतो, काहीच नसतं. तिथे फक्त माझ्या सासूबाईंचा पाय असतो.

हे माप मी घेतलं तेव्हा पिकअप आमच्या अंगणात लोखंडी घोड्यांवर उभी होती, चारही चाकं भिंतीला टेकवून ठेवलेली होती आणि माझा नवरा तिच्याखाली उताणा पडून म्हणत होता, "अगं, चौदाचा पाना दे म्हटलं ना!" तो हे तिसऱ्यांदा म्हणत होता. मी पाना दिला आणि मापपट्टी खिशात टाकली.

सासऱ्यांचं काचेचं दुकान आहे. खिडक्यांची तावदानं, टेबलांच्या काचा, कपाटांचे आरसे. पिकअपच्या मागे तिरप्या लाकडी चौकटीला काचा टेकवून ते स्वतः गिऱ्हाइकांकडे पोचवतात. तीस वर्षांत गाडीत एक काच तडकली नाही, हे नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. माझं लग्न ठरवायला आले तेव्हा मला तिसऱ्या मिनिटालाच कळलं होतं.

तर अकरा आठवड्यांपूर्वी एका सकाळी ते माझ्या मुलीला, टिकलीला, शाळेत सोडून परत आले आणि दुकानासमोर गाडी थांबलीच नाही. अर्ध्या उघडलेल्या शटरवर जाऊन आदळली. आत एक सहा फुटी आरसा उभा होता, तो गेला. माणसाला खरचटलंही नाही. टिकली गाडीतून उतरून तेव्हा दहा मिनिटं झाली होती. हा दहाचा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

संध्याकाळी सगळं घर एकत्र बसलं.

"ब्रेकच लागला नाही," सासरे म्हणाले.

"लागणार कसा? मागे अजून जुने ड्रम ब्रेक आहेत, पुढच्या डिस्क बशीएवढ्या," नवरा म्हणाला.

"मी कधीचा सांगतोय, ब्रेक बदला," दीर म्हणाला. त्याने हे यापूर्वी कधीही सांगितलं नव्हतं.

सासूबाई उजवं पाऊल चोळत बसल्या होत्या.

आमच्या घराची एक रीत आहे. इथे माणूस बिघडत नाही, वस्तू बिघडते. सासऱ्यांना कमी ऐकू यायला लागलं तेव्हा टीव्हीला नवे स्पीकर आले. वाचताना अक्षरं पुसट दिसायला लागली तेव्हा घरातले सगळे दिवे बदलले. आता आमच्या स्वयंपाकघरात ऑपरेशन करता येईल एवढा उजेड असतो. मागच्या वर्षी ते नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या घराचा रस्ता चुकले, तर सगळ्यांनी मिळून त्या भागाच्या रस्त्यांना नावं ठेवली. मी स्वतः म्हणाले होते, "हल्ली पाट्या लावतच नाहीत नीट." मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुन्यात दोष असेल तर बाटली बदलून तो जात नाही, हे मला पगारासाठी कळतं. घरी आलं की कळत नाही.

तर ब्रेक बदलायचं ठरलं, आणि तेही घरीच. गॅरेजवाला म्हणे नीट करत नाही. नवऱ्याने आठवडाभर व्हिडिओ पाहिले. त्यातला एक दाढीवाला माणूस इतका घरचा झाला, की जेवताना "तो म्हणतो" एवढं पुरायचं. कोण, ते विचारावं लागत नसे. मोठ्या डिस्क आल्या. मागच्या ड्रमच्या जागी डिस्क बसवायचा संच आला. चाकाच्या आत ज्या चिमट्याने डिस्क धरली जाते ते कॅलिपर आले, आणि दोन आठवडे त्यांना लाल रंग देण्यात गेले.

"रंगाने गाडी लवकर थांबते का?" मी विचारलं.

"चाकातून दिसतो तो," नवरा म्हणाला.

डिस्कवर दाबले जाणारे ब्रेकचे जुने पॅड काढले तेव्हा मी मापले. नवा पॅड दहा मिलिमीटरचा असतो, तीनवर आला की बदलतात. आमचे सात भरले.

"पॅड चांगले आहेत," मी म्हटलं.

"दिसतात चांगले."

"दिसत नाहीत, सात आहेत."

"वहिनी, तुमची प्रयोगशाळा अंगणात नको," दीर म्हणाला. तो खुर्चीवर उलटा बसून मदत करत होता.

सासरेही रोज खुर्ची टाकून बसत. काचेच्या धंद्यातला माणूस, त्यांना काम अचूक लागतं. "माप अर्धं घेऊ नका रे," ते मुलांना म्हणत. "माझ्या दुकानात पोऱ्या जरी असला आणि काच आखूड कापली, तरी त्याने पट्टीला दोष द्यायचा नाही. हात कोणाचा हलला ते सांगायचं." मुलं मान डोलवत आणि पुन्हा ब्रेकला दोष द्यायला गाडीखाली जात.

त्या काळात टिकलीला शाळेत मी सोडत होते. त्यासाठी कामावर उशिरा यायची परवानगी काढली होती आणि ती संपत आली होती. शाळेसमोर एक वळण आहे. वळण संपून मुलं दिसायला लागतात, तिथपासून रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांपर्यंत मी एकदा पावलांनी मोजलं, मग खात्रीसाठी टेपने. बावीस मीटर.

त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी, नवरा एकटा गाडीखाली असताना मी खाली वाकून विचारलं, "बाबांची नजर तपासायला हवी का? नजर नाही तर निदान किती पटकन पाय हलतो ते?"

पान्याचा आवाज थांबला.

"मग सांग त्यांना."

"तुझे वडील आहेत."

"म्हणूनच तर. मुलाने सांगितलं की वाटतं, गादीवर डोळा आहे. सुनेने सांगितलं की काळजी वाटते."

"आणि आईंनी सांगितलं तर?"

"मग दोन दिवस जेवायला बाहेर जावं लागेल." तो गाडीखालून थोडा सरकून बाहेर आला. कपाळावर चढवलेला गॉगल होता, त्यावर ब्रेक ऑइलचे थेंब. "अगं, एकदा हे बसू दे. याने फरक पडेल बघ."

"कशाने?"

"चौदाचा पाना दे," तो म्हणाला.

शेवटचं काम होतं नळ्यांतली हवा काढायचं. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी बोल्ट सैल करून हवा सोडायची, आणि बोल्ट घट्ट होईपर्यंत आतल्याने पाय उचलायचा नाही. दीर बसला, त्याने मध्येच पाय उचलला. मी बसले, माझा पाय पोचेना. सासऱ्यांना नवऱ्याने विचारलंच नाही.

"मी बसते," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुला काय कळतंय त्यातलं?" दीर म्हणाला.

"पाय दाबायचा आणि सोडायचा नाही, एवढंच ना?"

त्या पदर खोचून आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. "दाब... धर... सोड," नवरा ओरडत होता, आणि पुढे पुढे तो ओरडायच्या आधीच पाऊल हव्या त्या ठिकाणी असायचं. चार चाकं, पाऊण तास, एकदाही चूक नाही. पाय दुखला का, असं मी विचारलं.

"छे," त्या म्हणाल्या. "इथे निदान दाबल्यावर काहीतरी लागतं."

रविवारी सकाळी चाचणी ठेवली. सोमवारपासून माझी परवानगी संपत होती आणि टिकली पुन्हा आजोबांबरोबर जाणार होती. घरात सगळ्यांना ते इतकं गृहीत होतं, की तिचं दप्तर शनिवारीच गाडीच्या सीटवर जाऊन बसलं होतं.

बंद पडलेल्या एका कारखान्याचं सिमेंटचं लांब आवार आम्हाला मिळालं. मी खडूने आडवी रेघ मारली. रेघेपाशी दीर लाल टॉवेल घेऊन उभा राहिला. पुढचं चाक रेघेवर आलं की त्याने टॉवेल खाली टाकायचा, टॉवेल दिसला की चालवणाऱ्याने कचकन ब्रेक दाबायचा. वेग चाळीस.

आधी नवऱ्याने चालवली. टॉवेल पडला, गाडी किंचाळून थांबली, सिमेंटवर काळे पट्टे उमटले. त्याने पट्टे मोजले. साडेनऊ मीटर. काम सुरू करण्याआधी जुन्या ब्रेकवर अकरा भरले होते.

"दीड मीटर!" तो ओरडला. "दीड मीटर कमी!"

अकरा आठवड्यांत दीड मीटर. त्यातलाही बराचसा नवीन ब्रेक ऑइलचा असावा, असं माझं मत होतं. ते मी माझ्याजवळ ठेवलं. रेघेपासून पट्टे सुरू होईपर्यंतची मोकळी जागाही मी मोजून ठेवली. ती कोणी मोजत नव्हतं. बारा मीटर.

मग सासरे बसले. शेजारी सासूबाई बसल्या. त्या नेहमीच बसतात. गाडी आली, टॉवेल पडला, गाडी गेली. मग थांबली. काळे पट्टे, साडेनऊ.

"बाबा, तेवढेच!" नवरा धावत गेला. "बघा, माणूस कोणीही असो, ब्रेक तोच!"

"पुन्हा," सासरे म्हणाले. त्यांना काम अचूक लागतं.

तीनदा झालं. तिन्ही वेळा पट्टे साडेनऊच्या आसपास. नवरा आणि दीर एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर टेप घेऊन नाचत होते. मी ओणवी होऊन मोकळी जागा मोजत होते. अठ्ठावीस. एकतीस. एकोणतीस.

सासरे खाली उतरले. खूश होते. "आता लागतो," ते म्हणाले. "म्हटलं नव्हतं, ब्रेकचाच दोष होता?"

"लागला हो छान," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. "मी मात्र केव्हाचा लावला होता."

दीर हसला. "आई, तुझ्याकडे ब्रेक आहे कुठे?"

"तीच तर पंचाईत आहे इतकी वर्षं."

हसणारा तो एकटाच होता, म्हणून त्याने लवकर आटोपलं.

सासऱ्यांनी बायकोकडे पाहिलं. मग खिडकीतून आत, तिच्या पायाकडे. पाय अजून मॅटवर दाबलेलाच होता. मग ते माझ्याकडे वळले. "सूनबाई, तू मघापासून वाकून काय मोजतेयस?"

"मोकळी जागा, बाबा."

"कुठली?"

"अगं, ते नंतर बघू," नवरा म्हणाला. "बाबा, आधी कॅलिपर बघा ना, तापले तरी रंग..."

"तू थांब." सासऱ्यांनी हात वर केला. "माप अर्धं सांगायचं नाही. सांग गं."

"टॉवेल पडल्यापासून तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी किती पुढे जाते ते. अठ्ठावीस मीटर, एकतीस, एकोणतीस."

"आणि याचं?"

"बारा."

ते खडूच्या रेघेपर्यंत चालत गेले. तिथून पट्ट्यांच्या सुरुवातीकडे बघत राहिले, डोळे बारीक करून, काच उन्हात धरून ओरखडा शोधताना करतात तसे. नवरा कुठल्यातरी बोल्टकडे बघत होता. दिराने टॉवेलची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"शाळेसमोरच्या वळणापासून त्या पांढऱ्या पट्ट्यांपर्यंत किती होतं?" सासऱ्यांनी विचारलं. "मोजलं असशील तू."

"बावीस."

त्यांच्या हातात किल्ली होती. तिचं टोक ते अंगठ्याने चाचपत होते. दुसरं कोणीतरी बोलेल म्हणून मी नवऱ्याकडे पाहिलं, मग दिराकडे, मग खिडकीतल्या सासूबाईंकडे. सासूबाईंनी मॅटवरचा पाय उचलला आणि बाजूला ठेवला.

"बाबा," मी म्हटलं, "उद्यापासून टिकली तुमच्याबरोबर गाडीने जाणार नाही. आणि गाडी आता तुम्ही चालवायची नाही."