दोन सालांच्या मधोमध जन्मलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी, हिरवी, जेमतेम दोन माणसं बसतील एवढी स्पोर्ट्स गाडी आहे आणि स्वभावाने पक्की भित्री आहे. वेगाने धावणारी गाडी भित्री कशी, असं तुम्ही म्हणाल. अहो, धावताना मला कधीच भीती वाटली नाही. मी भ्यायला शिकले ते उभी राहिल्यावर.

आमच्या कारखान्यात दरवर्षी गाडीचं रूप थोडं बदलायचं. जुन्या सालाच्या गाड्या बनवून झाल्या की नव्या सालाच्या सुरू. पण जुन्या सालाचे काही भाग उरायचेच, आणि ते टाकून कोण देणार? मुकादमाचा दंडकच होता, आधी फळीवरचं संपवा, मग नवी खोकी फोडा. मी नेमकी त्या अदलाबदलीत सापडले. पत्र्याचा, गोल तबकड्यांचा डॅशबोर्ड मिळाला जुन्या सालाचा आणि मागचे लांबट दिवे मिळाले नव्या सालाचे. पुढे दुकानाच्या काचेआड बरीच ताटकळले. विकले गेले तोवर कागदावर नवं साल पडलं होतं.

मला घेतलं जनावरांच्या एका डॉक्टरांनी. चिखलाचे बूट, शेजारच्या सीटवर औषधांची पेटी आणि कधीकधी एखादं आजारी कोकरू! लोक विचारायचे, डॉक्टर, ही गाडी आहे की गोठा? पण चौकात थांबलो की तेच लोक माना वळवून बघत राहायचे, आणि मी फुशारून जायचे. खोटं कशाला बोलू?

मग डॉक्टर गेले. त्यांच्या मुलीने, म्हणजे ताईने, मला गॅरेजात चादरीखाली ठेवलं. मायेनेच ठेवलं, पण उंदरांना मायेचं काय? त्यांनी सीटमधला कापूस उपसून काढला. टायर बसले, बॅटरी उतरली आणि मी त्या अंधारात कान टवकारून पडून राहिले.

एक दिवस घर विकायचं ठरलं. ताईच्या नव्या घरी गाडीला जागा नव्हती. जुन्या गाड्यांचं एक संग्रहालय मला न्यायला तयार होतं, पण मी अस्सल असले तरच. दोन मोडक्या गाड्या जोडून एक बनवणारे पुष्कळ असतात, म्हणून एक परीक्षक बाई मला आधी तपासणार होत्या. नापास झाले तर भंगारवाला होताच. तो येऊन गेलाही होता. माझी दारं टिचकीने वाजवून, माझा कुठला भाग कुणाच्या गाडीला चालेल हे त्याने माझ्यासमोरच बोलून दाखवलं. माझी तर पाचावर धारण बसली.

त्यात ताईचा धाकटा भाऊ आला. हा मोठा हौशी. त्याने जुन्या गाड्यांचं पुस्तक उघडलं, कागदावरचं साल काढलं आणि माझ्याशी ताडून पाहिलं. दिवे बरोबर, पण डॅशबोर्ड चुकीचा! त्याचा चेहरा पडला. बाबांची गाडी नापास झालेली त्याला बघवली नसती. बाई यायच्या दिवशीच तो सकाळी नव्या सालाचा काळा डॅशबोर्ड कुठूनतरी घेऊन आला. ताईला पत्ताही नव्हता.

डॅशबोर्डमागून मागच्या दिव्यांकडे माझ्या दोन्ही बाजूंनी तारांची एकेक जुडी जाते. कारखान्यात घातली तशीच, मध्ये कुठेही सांधा नसलेली. माझं पुढचं आणि मागचं अंग एकाच वेळी जन्मलं, याचा तेवढाच पुरावा माझ्याजवळ होता. आणि जुनाट प्लग निघेनात म्हणून याने उजवी जुडी सरळ पकडीने कापायला घेतली! नको रे, नको, असं मी किती ओरडले असते. पण मला कुठलं तोंड?

शिवाय तपासणीसाठी नुकतीच चार्ज केलेली बॅटरी काढायला तो विसरला होता. फाटकन ठिणगी उडाली. रबर जळायला लागलं, धूर माझ्या काचांपर्यंत चढला. आता मी जळणार, हे मी धरूनच चालले. तेवढ्यात ताई धावत आली, बॉनेट उघडून तिने बॅटरीची तार उपटली आणि चादर दाबून जळतं रबर विझवलं.

"बाबांच्या गाडीला आता हात लावायचा नाही," ती म्हणाली.

परीक्षक बाई आल्या तेव्हा जळका वास तसाच होता. त्यांनी दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा काढला. डॅशबोर्डच्या मागे पाहिलं. कापलेल्या तारा त्यांना दिसल्या. माझा जीव टांगणीला लागला. मग त्यांनी डावीकडचा गालिचा उचलला आणि डाव्या जुडीवरून बोट फिरवत, गुडघ्यांवर सरकत पार मागच्या दिव्यापर्यंत गेल्या.

"ही एकच गाडी आहे," त्या म्हणाल्या. "जुनं साल संपता संपता तयार झाली, एवढंच."

ताई माझ्या दाराला टेकून रडली. भावाने खाली मान घालून विचारलं, "आणि उजवी बाजू?"

"ती आता काहीच सांगू शकत नाही."

मी आता संग्रहालयात आहे. अंगावर धूळ बसू देत नाहीत, मुलं काचेला नाक लावून माझ्या गोल तबकड्या बघतात. पण त्याने डावीकडून सुरुवात केली असती तर, हा विचार आला की आजही अंगावर काटा येतो. मित्रांनो, माझा राग करणाऱ्याला मी भीत नाही, तो लांबच राहतो; भीती वाटते ती प्रेमाने दुरुस्त करायला येणाऱ्याची. जुन्या वस्तूत काही विजोड दिसलं तर ती अशी का आहे, हे आधी शोधा. आम्हाला सांगता येत नाही हो.

कालच तो भाऊ भेटायला आला होता. त्याने माझ्या बॉनेटवर प्रेमाने हात ठेवला आणि तिथल्या माणसाला विचारलं, "उजवीकडच्या तारा नव्या टाकून देऊ का? डावीकडच्याही जुन्या झाल्यात."

माझ्या काळजात धस्स झालं. तो रविवारी परत येणार आहे. तुम्ही तरी त्याला नको म्हणा.