जप्तीतली गाडी

मित्रांनो, पोलीस ठाण्यामागं धूळ खात पडलेल्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांतच कितीतरी दिवस मीही होते, एक जुनी मोटारसायकल. नाक मुरडू नका, माझेही दिवस होते.

शंभूनं मला दौंडच्या एका गॅरेजातून जुनीच विकत घेतली. त्याचं घर कारेगावात, नोकरी रांजणगावच्या एका कंपनीत. शिफ्टला निघताना आधी मला पुसायचा, मगच डबा हातात घ्यायचा. त्याची बायको सारिका मला सवत म्हणून चिडवायची. मी मनातल्या मनात फुगायचे.

आमच्या आळीत चावी गाडीलाच असायची. कुणाला दळण आणायचंय, कुणाला आजारी माणूस न्यायचंय, त्यानं मला घेऊन जावं. विचारणं म्हणजे परकेपणा. एका संध्याकाळी, रात्रपाळी होती म्हणून शंभू झोपला होता. शेजारच्या खोलीतला भाडेकरू मला घेऊन गेला. त्यानं तोंडाला फडकं बांधून रस्त्यावरच्या एका दुकानदाराला मारहाण करून गल्ला लुटला, मला गुपचूप दारात आणून लावलं आणि दुसऱ्या दिवशी खोली सोडून पसार झाला. लोकांनी माझा नंबर पाहिला होता. पोलीस शंभूच्या दारात आले.

गाडी कुणीही नेतं, असं शंभू परोपरीनं सांगत होता. आळीतल्या लोकांनी मात्र नसती भानगड नको म्हणून तोंडाला कुलूप लावलं. राहिले शंभूचे वडील, आबा. जन्मभर मेंढरं राखलेला मानी माणूस. गाडी कोण चालवतं, असं साहेबानं विचारताच आबांना वाटलं, घराची अब्रूच निघतेय. पोरगं आपली वस्तू उनाडांच्या हाती देतं, असं कसं कबूल करायचं?

"आमच्या वस्तूला परका हात लावत न्हाई, साहेब. गाडी माझा शंभूच चालवतो," आबा ताठ मानेनं म्हणाले.

कोर्टातही त्यांनी तेच सांगितलं. त्या शब्दावर शंभूला सात वर्षांची शिक्षा लागली. खरा चोर मला ठाऊक होता, पण मला तोंड कुठं?

मी जप्तीत, ठाण्यामागं पडून. मग ऊन, पाऊस आणि गंज. उंदरांनी सीट कुरतडलं. पलीकडून कंपनीच्या बस गेल्या की मला रस्ता आठवायचा, आणि रस्त्याहून जास्त शंभू.

दोन वर्षांनी तो दिसला. पॅरोलवर आला होता, म्हणजे तुरुंगातून थोड्या दिवसांच्या रजेवर. त्या दिवसांत रोज ठाण्यात हजेरी द्यावी लागते. सही करून तो माझ्याजवळ येऊन थांबायचा. हात लावायची परवानगी नव्हती. एकदा सोबत सारिका होती. ती म्हणाली, "आबांना सांगा तरी, कुणाच्या बोलण्यानं हे झालं."

"न्हाई," शंभू म्हणाला. "मी सात वर्सं काढीन. त्यांच्याच्यानं एक रात निघायची न्हाई."

रजा संपली आणि तो परत गेला. आवारात चपला वाजल्या की मला तोच आल्यासारखं वाटायचं. फार वाट पाहिली मी.

शेवटी वरच्या कोर्टानं निकाल दिला. गाडी पाहिली म्हणजे माणूस पाहिला असं होत नाही, शंभू निर्दोष आहे. कोर्टाचा कागद घेऊन तो मला न्यायला आला. बरोबर आबा होते. माझं इंजिन केव्हाच जाम झालेलं. शंभूनं चाकांत हवा भरली आणि टेम्पो बघतो म्हणाला, पण आबा ऐकेनात. गाडी नेताना गावानं पाहिली, आणतानाही पाहू दे, म्हणाले आणि माझ्यावर बसले. शंभू ढकलू लागला.

बाजारात चहावाल्यानं विचारलं, "आबा, सुटला का पोरगा?"

"सुटला न्हाई. त्यानं केलंच नव्हतं," आबा म्हणाले. "मी तर तवाच कोर्टात समदं खरं सांगितलं हुतं."

शंभू खाली मान घालून मला ढकलत होता.

"व्हय, आबा," तो म्हणाला.

मित्रांनो, शंभूची नोकरी गेली ती गेलीच. मी दारात उभी आहे, अजून चालू झालेले नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणाला चोर म्हणण्याआधी त्याचं म्हणणं पुरतं ऐकून घ्या. आणि तुम्हाला काही ठाऊक असेल, तर गप्प राहू नका. माझा नाइलाज होता. तुम्हाला तोंड आहे.