फोटोच्या मागं

माझं नाव गेटफॅटर. हाक मारल्याशिवाय बोलायची मला सवय नाही, पण आज गप्प राहवत नाही.

मी कॉम्प्युटरमधलं एक छोटं हत्यार. मला ना चित्र, ना बटण. काळ्या पडद्यावर माझं नाव टाइप केलं की मी जागा होतो. फाइलला चिकटवलेली चिठ्ठी वाचून दाखवतो, एवढंच माझं काम. चिठ्ठी चिकटवतो माझा जोडीदार सेटफॅटर. नुसती फाइल उघडली तर ती दिसत नाही.

राजारामपुरीतल्या आपल्या फोटो स्टुडिओत उदयसिंह आम्हाला रोज हाक मारायचा. फोटो काढला की चिठ्ठी. 'डावीकडं चिमणाबाई आत्या. हसू नको म्हटल्यावर हसली.' पुन्हा माझ्याकडून वाचून घ्यायचा आणि एकटाच हसायचा. दवाखान्यात जायच्या दिवशी त्यानं धाकट्या भावाच्या फोटोला एक चिठ्ठी चिकटवली.

तो परत आला नाही.

तेरावं झाल्यावर धाकटा विजयसिंह वहिनीला घेऊन आला. भिंतीवरच्या फ्रेमा त्यानं ओरबाडून काढल्या, खिळे उपसले, पुठ्ठे फाडले. बोटातनं रक्त आलं.

"वैनी, मागं कायबी न्हाय की!"

"हाय म्हणालते," राजनंदिनी म्हणाली. "'इज्याच्या फोटोच्या मागं लिवलंय,' असंच म्हणालते."

"मग गेलं कुठं? जाताजाता बी माझी मस्करीच केली व्हय त्यानं?"

फोटोच्या मागं म्हणजे त्याला पेनानं लिहिलेलंच ठाऊक. त्याची काय चूक?

काल त्यानं सगळे फोटो पेनड्राइव्हवर घेतले. त्या पेनड्राइव्हवर चिठ्ठ्या उतरत नाहीत. फोटो गेले, चिठ्ठ्या माझ्यापाशीच राहिल्या. कॉम्प्युटर आज गडहिंग्लजच्या दुकानदाराला द्यायचाय. तो आधी सगळं पुसणार.

मघाशी विजयसिंहच्या हातून चुकून काळा पडदा उघडला. तो बघत राहिला. मग एका बोटानं अक्षरं शोधत त्यानं टाइप केलं, दादा.

अशी आज्ञा इथं नाही, असं पडद्यावर उमटलं.

"बघा वैनी," तो म्हणाला, "ह्यो बी न्हाय म्हणतोय."

तुमच्यापैकी कुणी त्याला ओळखत असेल तर एवढं सांगा. चिठ्ठी अशी आहे: 'इज्या, डोळं मिटल्यात म्हणून परत काढ म्हणालास. न्हाय काढला. ल्हानपणी माझ्या मांडीवर असाच झोपायचास.'

लवकर सांगा. तो वायर गुंडाळतोय.