अर्धा गोठा

गोठ्यात चाळीस गायी होत्या आणि ताईला प्रत्येकीचा स्वभाव पाठ होता. कोणती लाथ झाडते, कोणती दूध चोरते, पंखा बंद पडला की कोणती हंबरून गोठा डोक्यावर घेते. तिचा धाकटा भाऊ जनावरांचा डॉक्टर. हल्ली तो सरकारी खात्याचं एक यंत्र घेऊन गोठोगोठी फिरायचा. गाय खुराकाला त्यात तोंड घालायची आणि तेवढ्यात तिच्या ढेकरांतून किती वायू सुटतो, ते यंत्र मोजायचं.

आज तो ताईच्याच गोठ्यात उभा होता.

"जगभर ऊन वाढतंय त्याला हा वायूही कारण आहे, ताई. मोठे गोठे अर्ध्यावर आणायचं ठरलंय. तुझाही."

"याच दुधावर वाढलास ना रे? आणि धूर ओकणाऱ्या गाड्या दिसत नाहीत तुमच्या खात्याला?"

"त्यांचा वाटा मोठा आहे. पण आपलाही आहे."

"आकडा कमी लिही. कोण बघायला येतंय?"

यंत्राची वायर गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "मागच्या उन्हाळ्यात सात वासरं गेली, तेव्हा तू मला फोनवर काय विचारलं होतंस?"

असं ऊन आलं कुठून, असं तिने रडत रडत विचारलं होतं. ताईने पुन्हा आकड्याचा विषय काढला नाही.

कोणत्या वीस जायच्या, ते तिनेच ठरवलं. आधी म्हाताऱ्या, मग आटलेल्या. तरी तीन कमी पडल्या. त्या तीन दुभत्या गायींच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर तिने सगळ्यात शेवटी सांगितले.

चार दिवसांनी सकाळी ट्रक आला. भाऊ स्वतः दोर धरून एकेकीला फळीवरून चढवत होता. शेवटची गाय अडून बसली. ताईने मानेखाली खाजवलं तशी निमूट चढली. आपल्यावरच्या विश्वासाने ती चढली, हे ताईला सोसलं नाही. कुठे नेणार, हे तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

"तू चुकलास असं मी म्हणत नाही," ट्रक गेल्यावर ती म्हणाली. "पण काही दिवस येऊ नकोस."

तो चार महिने आला नाही. आला तेव्हा तिने त्याला पोटभर जेवू घातलं, मुलांची चौकशी केली, त्याच्या पांढऱ्या केसांवरून थट्टाही केली. गोठ्याकडे मात्र दोघांपैकी कुणीच वळलं नाही.